गोव्याचं लोखंड, कोळशाचं डिझेल : जमण्यासारखं आहे का?

डिचोलीकर : केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये कोळशाच्या वायूकरणाला, म्हणजे कोळशाचा इंधनवायू करायला, ८,५०० कोटींचं प्रोत्साहन मंजूर केलं. त्या वायूतून डिझेल करायला उत्प्रेरक (क्रिया घडवून आणणारा पदार्थ) लागतो, आणि स्वस्तातला उत्प्रेरक म्हणजे लोखंड. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले लोहखनिजाचे ८८ खाणपट्टे रद्द केले, तेव्हापासून आमच्याकडे कित्येकांनी ट्रक मिळेल त्या भावात विकून टाकले. खाणींच्या डंपात, म्हणजे टाकाऊ मालाच्या ढिगांत, हलक्या प्रतीचं खनिज पडून आहे. तो वापरून एखादा कारखाना इथेच का उभा राहू नये? विरोध करणाऱ्यांनी कारण सांगावं, नुसत्या घोषणा नकोत.

वास्कोची सून : कारण हवंय? वास्कोत या आणि सकाळी पुसलेल्या खिडकीच्या गजावरून संध्याकाळी बोट फिरवा. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांना जातो, काजळी आमच्या वाट्याला येते. आता वर डिझेलसाठीही कोळसा आणायचा?

फोंड्याचा रसायनवाला : डिचोलीकरबाब, डंपाचा मुद्दा आधी निकालात काढू. उत्प्रेरक हा कच्चा माल नव्हे. इंधनाच्या मानाने तो इतका थोडा लागतो की त्यावर एक खाणसुद्धा चालणार नाही. शिवाय खाणीतली माती तशीच भट्टीत टाकून भागत नाही. एका प्रकारात लोखंडाच्या क्षाराच्या द्रावणातून साका पाडतात, त्यात तांबं, पोटॅशियम, सिलिका मोजून घालतात. दक्षिण आफ्रिकेत सेकुंडाला पोलाद लाटताना निघणारी खपली वितळवून वापरतात. आणि काम करतं ते लोखंड नाहीच, वायूच्या संगतीत त्याचं कार्बाइड (लोखंड आणि कार्बनचं संयुग) होतं, ते. वायूत गंधक राहिलं की तेही मेलं.

लोखंडाचा खरा गुण वेगळा. डिझेलसाठी कार्बन मोनॉक्साइडच्या साधारण दुप्पट हायड्रोजन लागतो, पण कोळशाच्या वायूत तो बऱ्याचदा मोनॉक्साइडइतकाही नसतो. लोखंड वाफेतला हायड्रोजन सोडवून ही तूट तिथल्या तिथे भरून काढतं. कोबाल्टला ते जमत नाही, शिवाय ते महाग. फक्त या व्यवहारात कार्बन डायऑक्साइड भरमसाट निघतो. गुण आणि दोष एकाच क्रियेत आहेत, वेगळे काढता येत नाहीत.

डिचोलीकर : फिशर आणि ट्रोप्श या शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात हे जर्मनीत करून दाखवलं, दक्षिण आफ्रिकेतली सासोल कंपनी १९५५ पासून करतेय. आपण बहुतेक खनिज तेल बाहेरून आणतो. त्यांना जमतं, मग आपल्यालाच कसली अडचण?

फोंड्याचा रसायनवाला : जर्मनीला युद्ध होतं, दक्षिण आफ्रिकेला पुढे तेलबंदी. गरज पडली तर माणूस महागातलंही करतो. आणि दोघांकडे स्वतःचा कोळसा होता. गोव्यात कोळसा नाही, तो जहाजाने किंवा घाटातून रेल्वेने आणावा लागेल. देशातल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राख. ती कुठे टाकणार, सत्तरीत?

मडगावचो पात्रांव : राख सत्तरीत, डिझेल दिल्लीत, आणि आमकां टुरिस्टांचं ट्रॅफिक. चालू द्या.

डिचोलीकर : थट्टा सोपी आहे, पात्रांव. पण कामधंद्याचं काय, ते कुणीच बोलत नाही. फक्त पर्यटनावर पोट भरायचं का? ओडिशात अंगुळला कोळशाच्या वायूवर पोलाद निघतंय, तिथल्या पोरांना काम मिळालंय.

वास्कोची सून : अंगुळजवळ तालचेरच्या खाणी आहेत, भाऊ. आमच्याजवळ काय आहे, तर माझ्या सासऱ्यांचा दमा.

फोंड्याचा रसायनवाला : कामाचा प्रश्न खरा आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. माझा विरोध कोळशाला, लोखंडाला नाही. पोटॅशियम घातलेलं लोखंड कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासूनही इंधन करू शकतं, म्हणजे कोळशाशिवाय. हायड्रोजन सौर विजेवर काढायचा, तर तो सध्या महाग पडतो. पैसे घालायचेच तर या कामात घाला.

डिचोलीकर : म्हणजे आज परवडत नाही म्हणून कोळसा नको, आणि जे आजच परवडत नाही त्यात पैसे घाला?

फोंड्याचा रसायनवाला : हो. कारण हायड्रोजन स्वस्त होऊ शकतो. राख कमी होणार नाही.