राऊटरमध्ये व्हाइट बॉक्स चाललं, मग रेडिओत का अडलंय?

राऊटर_रंगा:
मंडळी एक शंका आहे, मी आयपी साइडचा (राऊटर, स्विच वगैरे) माणूस, रेडिओचं फारसं कळत नाही. अमेरिकेतल्या एटी अँड टीने २०१९ ला डीडीसीचं (डिस्ट्रिब्युटेड डिसॲग्रिगेटेड चॅसिस) स्पेक ओसीपीला, म्हणजे ओपन कॉम्प्युट प्रोजेक्ट या खुल्या हार्डवेअरच्या संस्थेला, देऊन टाकलं, म्हणजे भलामोठा चॅसिस राऊटर घ्यायच्या ऐवजी सुटे व्हाइट बॉक्स (साधे डबे, सॉफ्टवेअर वेगळं घ्यायचं) केबलने जोडायचे, ४ टेराबिटच्या एका बॉक्सपासून पार १९२ टेराबिटपर्यंत, आणि ते नुसतं कागदावर नाही राहिलं, २०२० ला युफिस्पेसच्या हार्डवेअरवर ड्राइव्हनेट्सचं सॉफ्टवेअर टाकून कोअरमध्ये लाइव्ह पण केलं. आणि तीच कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये ओपन रॅन ओपन रॅन (रॅन म्हणजे टॉवरकडचं रेडिओ नेटवर्क, ओपन म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकत्र जोडता येणारं) करत पाच वर्षांचं जवळपास १४ अब्ज डॉलरचं काम एरिक्सनला देते! हे काय गौडबंगाल आहे? मला आता ओ-रॅनच्या प्रोजेक्टवर टाकतायत म्हणून विचारतोय.

फ्रंटहॉल_फ्रेड:
तुमच्याकडे इथरनेट, बीजीपी, एमपीएलएस ही स्टँडर्ड आधीपासूनच सगळ्यांची होती ना, फक्त डबा आणि सॉफ्टवेअर वेगळं करायचं बाकी होतं. आमच्याकडे बेसबँड (सिग्नलवर प्रक्रिया करणारा डबा) आणि खांबावरच्या रेडिओच्या मधे सीपीआरआय हा इंटरफेस, नावाला स्टँडर्ड पण आतलं बरंचसं ज्याने त्याने आपल्या मनाने भरलेलं, त्यामुळे एकाचा बेसबँड आणि दुसऱ्याचा रेडिओ हा विषयच नव्हता. २०१८ ला ओ-रॅन अलायन्स (ऑपरेटर आणि व्हेंडरांची संघटना) झाली तिने नेमकी हीच जागा धरली, ७.२एक्स स्प्लिट (काम कुठे तोडायचं ते), म्हणजे एफएफटी (सिग्नलचं गणित) आणि खालचा फिजिकल लेयर रेडिओत, वरचा फिजिकल लेयर आणि त्याच्या लगतचं वरचं काम डीयूत (डिस्ट्रिब्युटेड युनिट, बेसबँडचा भाग). पण मग वेळेचं झंझट येतं. डीयू रेडिओपासून साधारण २० किमीच्या आत पाहिजे, टीडीडी (एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवणं-घेणं) असेल तर घड्याळांचं सिंक दीड मायक्रोसेकंदाच्या आत पाहिजे. राऊटरमध्ये पॅकेट जरा उशिरा आलं तर बफरमध्ये थांबतं, इथे उशीर झाला की ते पॅकेट गेलंच.

टेस्टबेंच_ताई:
वरचं बरोबर आहे पण खरा घोळ स्पेकमधल्या ऑप्शन्सचा आहे. कॉम्प्रेशन कुठलं, बीमफॉर्मिंग (सिग्नल हव्या त्या दिशेला वळवणं) कुठल्या पद्धतीने, याला चार चार पर्याय. दोन्ही व्हेंडर कम्प्लायंट, दोघांकडे कागद आहेत, आणि लॅबमध्ये जोडलं की सेल सुरूच होत नाही कारण एकाने हा पर्याय घेतला आणि दुसऱ्याने तो! मग कॉलवर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि जुळवायचा खर्च शेवटी ऑपरेटरच्या डोक्यावर. राकुतेनने जपानमध्ये २०२० ला करून दाखवलं हे खरं, पण त्यांच्याकडे जुनं नेटवर्कच नव्हतं, ४जी साठी नोकियाने रेडिओचा इंटरफेस उघडून दिला, आणि ज्या अल्टिओस्टारचं सॉफ्टवेअर वापरत होते ती कंपनीच २०२१ मध्ये विकत घेतली. एवढं सगळ्यांना परवडतं का?

राऊटर_रंगा:
ताई म्हणजे 'ओपन' हे नुसतं लेबलच म्हणायचं का?

जुना_खांबवाला:
नाही रे, इतकं पण नाही. एटी अँड टीची घोषणा नीट वाच, २०२६ च्या अखेरपर्यंत ७० टक्के वायरलेस ट्रॅफिक ओपन इंटरफेस चालवू *शकणाऱ्या* उपकरणांवरून न्यायचं असं आहे, दुसऱ्या कुणाचा रेडिओ लावलाच पाहिजे असं त्यात कुठे नाही. पण फुजित्सूचं नाव त्याच घोषणेत होतं आणि माझ्या मते ते नाव असणं हाच अर्धा फायदा, उद्या एरिक्सनने रेट वाढवून सांगितला तर ऑपरेटर म्हणू शकतो की बरं, काही साइटवर फुजित्सूचे रेडिओ लावतो. आधी हे म्हणायची सोयच नव्हती, बेसबँडसकट सगळं उपटावं लागायचं.

टेस्टबेंच_ताई:
खांबवाले, म्हणू शकतो हो, पण लावून दाखवेपर्यंत व्हेंडर घाबरत नाही 😄 मॅसिव्ह मिमोच्या (खूप अँटेनांचे रेडिओ) अपलिंकसाठी इक्वलायझर (बिघडलेला सिग्नल दुरुस्त करणारा भाग) रेडिओत ठेवायचा का डीयूत यावरून केवढी भांडणं झाली ते आठवा.

रंगा, तू प्रोजेक्ट सोडू नकोस. पीटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणं) आणि नेटकॉन्फ-यांग (उपकरणांचं कॉन्फिगरेशन) येणारी माणसं रेडिओवाल्यांकडे कमीच असतात, तुझं आयपीचं ज्ञान तिथे लगेच कामाला येईल. फक्त पहिल्या मीटिंगला विचारून घे की दोन्ही व्हेंडरचं इंटरऑप प्रोफाइल (दोघांनी मिळून कुठले पर्याय घ्यायचे ते) कुठलं ठरलंय. उत्तर द्यायला कुणी लाजायला लागलं तर सुट्ट्या आत्ताच घेऊन टाक.