मदत हवी आहे: वाफवलेल्या चिनी बन्सचे प्राणी वाफेत आकार सोडतात

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं चीनमध्ये, शानतुंग प्रांतातल्या यानथाईला राहिलो. तिकडे नववर्षाच्या आधी घरोघरी 'हुआ बोबो' करतात, म्हणजे वाफवलेल्या पिठाचे नक्षीदार बन्स. मासा, ससा, साळिंदर, डुक्कर, काय वाट्टेल ते! शेजारच्या आजी एक वेटोळं घातलेला सापही करायच्या. त्याला 'शंगछोंग' म्हणतात. तो पिठाच्या डब्यात ठेवला की वर्षभर पीठ सरत नाही, अशी समजूत. त्यांच्याकडे साधनं म्हणजे कात्री, कंगवा आणि सुरी, बस्स. कंगव्याच्या दातांनी माशाचे खवले उठवताना त्यांचा हात बघत राहावा असा चालायचा.

आता आम्ही पुण्यात आहोत. लेकीच्या वाढदिवसाला तिला तेच साळिंदर आणि ससे हवे आहेत, आणि मला ते मनापासून नीट जमवायचे आहेत. माझं प्रमाण असं: मैदा ३०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ३ ग्रॅम, साखर ३० ग्रॅम, दूध-पाणी मिळून १६५ मिली, चमचाभर तेल. आत लाल चवळीचं गोड पुरण. पीठ फुगवून घेते, मग आकार देते, पुन्हा थोडा वेळ ठेवते आणि मोदकपात्रात मोठ्या आचेवर १५ मिनिटं वाफवते.

चव छान येते. पण कात्रीने काढलेले काटे वाफेत मिटून जातात. सशाचे कान घसरतात. वरचा भाग कुठे सुरकुततो, कुठे खड्डे पडतात. आणि पहिल्यांदा वळलेला ससा शेवटच्यापेक्षा कितीतरी फुगलेला असतो. सशाला रंग द्यायला बीट घातलं तर तोही वाफवल्यावर विटका, तपकिरीकडे झुकलेला येतो.

कुणी हे नियमित करतं का? काय बदलू?

प्रतिसाद:
ताई, पीठ सैल आहे. एवढ्या मैद्याला १४०-१४५ मिली पुरे. मळताना घट्ट वाटेल, वाटू दे. नंतर लाटा, घडी घाला, पुन्हा लाटा, असं पृष्ठभाग गुळगुळीत होईपर्यंत करा. आतली हवा निघून जाते, मग वर फोड येत नाहीत.

दुसरं, आधी फुगवूच नका. मळून लगेच आकार द्या आणि एकदाच फुगू द्या. पुण्याच्या उन्हाळ्यात पीठ तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून थंड दूध वापरा, अर्धं पीठ झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि लागेल तसं काढा. पहिला-शेवटचा फरक तिथेच मिटेल. दुप्पट होईपर्यंत थांबू नका, दीडपट झालं की वाफवायला लावा. बोटाने हलकेच दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला पाहिजे. जास्त फुगलेल्या पिठात काटे टिकत नाहीत, आणि असा बन वाफेतून काढल्यावर बसतोही.

प्रतिसाद:
वरच्या सगळ्याला अनुमोदन. खड्डे बहुतेक झाकणावरून गळणाऱ्या थेंबांचे असणार. झाकणाला सुती फडकं घट्ट बांधा. आच मध्यम ठेवा, लिंबाएवढ्या बनला १२ मिनिटं पुरतात. गॅस बंद केल्यावर झाकण लगेच उघडू नका! तीन-चार मिनिटं थांबा, मग किंचित तिरकं करा. गार हवा एकदम लागली की सुरकुत्या पडतात.

काटे कात्रीच्या फक्त टोकाने, तोंडाकडून मागे, कौलांसारखे आडवे सरकवत काढा. पहिल्या ओळीतल्या दोन काट्यांच्या मधोमध दुसऱ्या ओळीतला काटा यायला हवा. कान चिकटवताना सुकं पीठ पुसून टाका, पाण्याचं बोट लावा आणि कानाचं बूड चपटं करून दाबा. डोळ्यांना काळे तीळ, ओल्या टूथपिकच्या टोकावर उचलून.

बिटाचा रंग वाफेत नीट टिकत नाही. लाल भोपळा आणि पालक त्यामानाने बरे. जांभळं रताळं मिळालं तर उत्तमच. भोपळ्याचा गर घातला तर तेवढं दूध कमी करा. हळद चालेल, पण चिमूटभर, आणि पिठात सोडा अजिबात नको, नाहीतर पिवळा ससा लालसर होईल.

मूळ लेखिका:
खूप खूप आभार दोघींचे. पुरणाबद्दल एकच विचारायचं राहिलं: ते कोरडं करून गोळ्या फ्रीजमध्ये घट्ट केल्या, तर गार पुरणामुळे तळाचं पीठ फुगायला वेळ लागेल का?