चर्चा: काश्मीरमधली आतली लढाई लष्कराने आता पोलिसांकडे द्यावी का?

धरमपेठकर
ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती, म्हणजे मल्लोजुला वेणुगोपाल राव, ६० साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला, तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. गडचिरोलीची लढाई लष्कराने लढली नाही. १९९० मध्ये उभं केलेलं सी-६० हे राज्य पोलिसांचं पथक, त्याच जिल्ह्यातली, गोंडी-माडिया बोलणारी पोरं. २०१० मध्ये छत्तीसगडात दंतेवाड्याजवळ माओवाद्यांच्या हल्ल्यात ७६ जवान मारले गेले तेव्हा लष्कर उतरवा अशी ओरड झाली होती. सरकारने ती ऐकली नाही, आणि बरंच केलं.

त्याच १९९० साली अतिरेक्यांशी लढायला लष्कराची राष्ट्रीय रायफल्स उभी राहिली आणि काश्मीरला अफ्स्पा, म्हणजे लष्कराला विशेष अधिकार देणारा कायदा, लागला. पस्तीस वर्षं झाली, व्यवस्था तीच. उधमपूरच्या उत्तर कमांडकडे पाकिस्तानची नियंत्रण रेषा आहे, लडाखमध्ये चीन आहे, आणि वर शोपियानच्या सफरचंदाच्या बागांत घेराव घालून झडत्याही त्यांनीच घ्यायच्या. माझं म्हणणं एवढंच की सीमा लष्कराने बघावी. गावातली गस्त, झडती, चौकशी जम्मू-काश्मीर पोलीस आणि सीआरपीएफकडे द्या.

गार्ड्सवाले काका, कामठी
धरमपेठकर, तुलना छान मांडलीत, पण तिच्यातून सीमाच गाळलीत! भामरागडहून इंद्रावती ओलांडली की छत्तीसगड लागतं. पूंछची डोंगररांग ओलांडली की पलीकडे दुसऱ्या देशाचं सैन्य बसलंय, आणि माणसं तिकडून शिकून येतात. २००३ मध्ये पूंछमधल्या हिल काकाच्या जंगलात अतिरेक्यांनी पक्के तळ बांधले होते. ते उखडायला ऑपरेशन सर्प विनाश करावं लागलं. ठाणेदाराचं काम नव्हतं ते.

जागा रिकामी केली की काय होतं तेही बघा. २०२० मध्ये गलवानला चीनशी झालेल्या चकमकीनंतर राष्ट्रीय रायफल्सची युनिफॉर्म फोर्स नावाची तुकडी जम्मू भागातून लडाखला हलवली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, पूंछच्या जंगलात काही दिवसांत नऊ जवान गेले. एप्रिल २०२३ मध्ये पूंछमधल्याच भाटा धुरियांला लष्कराच्या ट्रकवर हल्ला झाला, त्यात पाच. हा योगायोग आहे असं मी तरी मानणार नाही.

वऱ्हाडी ठेचा
हाव ना भाऊ, पण सी-६० ची आरती ओवाळता ओवाळता जांभुळखेडा विसरून राह्यले तुम्ही. १ मे २०१९. इकडं महाराष्ट्र दिनाचे झेंडे लागले होते अन् तिकडं सुरुंग फुटला, १५ पोलीस अन् गाडीचा ड्रायव्हर गेले. पोलिसायकडं द्या म्हणणं सोपं आहे बाप्पा, मरणार तर तेच पोट्टे.
(अन् एक सांगतो, २०१६ च्या सर्जिकल स्ट्राइकच्या वेळी नगरोट्याच्या १६ कोरचे प्रमुख राजेंद्र निंभोरकर होते, आपल्या वर्धा जिल्ह्यातले. चर्चेशी संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

वकीलताई
मी धरमपेठकरांच्या बाजूने आहे, पण कारण वेगळं. सी-६० च्या चकमकीबद्दल शंका असेल तर माणूस नागपूर खंडपीठात येतो. अफ्स्पाच्या कलम ७ मुळे तिकडे केंद्राच्या परवानगीशिवाय जवानावर खटलाच उभा राहत नाही. २०१० मध्ये माछिलला तीन गावकऱ्यांना अतिरेकी ठरवून मारलं. २०२० मध्ये अमशीपुऱ्यात राजौरीचे तीन मजूर. दोन्ही प्रकरणांत लष्करी न्यायालयाने जन्मठेप दिली आणि दोन्हींत सशस्त्र दल न्यायाधिकरणाने ती स्थगित केली. ज्या घरचा मुलगा असा गेला, त्या घरातून उद्या खबर कोण देईल? लढाई खबरेवर चालते, हे काकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

गार्ड्सवाले काका, कामठी
ताई, माछिल आणि अमशीपुरा या लष्कराला लाज आणणाऱ्या गोष्टी आहेत, त्यात दुमत नाही. पण खटला लष्करानेच चालवला, शिक्षा लष्करानेच दिली. पोलिसांच्या खोट्या चकमकींचे खटले आपल्या देशात किती वर्षं रखडतात, हे तुम्ही रोज कोर्टात बघता. वर्दी बदलली म्हणून उत्तरदायित्व आपोआप येत नाही.

आणि "लष्कर की पोलीस" हा प्रश्न जमिनीवर असा नसतोच. हंदवाड्याला २ मे २०२० रोजी आमच्या गार्ड्स रेजिमेंटशी जोडलेल्या २१ राष्ट्रीय रायफल्सचे कर्नल आशुतोष शर्मा पडले. त्याच घरात, त्याच चकमकीत जम्मू-काश्मीर पोलिसांचा एक सब-इन्स्पेक्टरही पडला. खबर बहुतेक वेळा त्यांची, बाहेरचा घेरा आमचा.

धरमपेठकर
काका, त्या घेऱ्याबद्दलच बोलतोय. राष्ट्रीय रायफल्समध्ये जवान आपापल्या रेजिमेंटमधून दोन-तीन वर्षांसाठी येतो. गावातल्या गल्ल्या, कोण कोणाचा साडू, कोणाची जमीन कोणी बळकावली, हे कळायला लागतं तेव्हा त्याची परत जायची वेळ झालेली असते. सी-६० चा पोरगा नोकरीभर त्याच जिल्ह्यात. १९९८ पासून लष्कराच्या ऑपरेशन सद्भावनेच्या शाळा, शिबिरं चालू आहेत, चांगलं काम आहे. पण मुळात शाळा लष्कराला का चालवाव्या लागतात? शिक्षण खातं कुठे गेलं?

गार्ड्सवाले काका, कामठी
बदल्यांचा मुद्दा खरा आहे. म्हणूनच स्थानिक पोरांच्या प्रादेशिक सेनेच्या होम अँड हर्थ पलटणी काढल्या. त्या वाढवा म्हणालात तर मी पहिली सही करतो. पण ती वर्दीसुद्धा लष्कराचीच आहे.

प्रतापनगर
पहलगामच्या २६ माणसांना मारणारे शेवटी जुलै २०२५ मध्ये दाचीगामच्या जंगलात सापडले, ऑपरेशन महादेवमध्ये. शेवटचा घाव लष्कराचा होता. विषय संपला.

वकीलताई
संपला कसा? त्यांच्या ठावठिकाण्याची पहिली माहिती मे महिन्यात गुप्तचर विभागाला मिळाली, असं गृहमंत्र्यांनीच संसदेत सांगितलं. मोहिमेत सीआरपीएफ आणि जम्मू-काश्मीर पोलीसही होते.

धरमपेठकर
बरं, मग सगळं एकदम नको. कुपवाडा, पूंछ, राजौरी हे सीमेवरचे जिल्हे लष्कराकडे राहू द्या. श्रीनगर शहर आजही पोलीस आणि सीआरपीएफच सांभाळतात. त्याला लागून असलेले बडगाम, गांदरबल इथून सुरुवात करा. दोन वर्षं बघा.

गार्ड्सवाले काका, कामठी
गांदरबल? ऑक्टोबर २०२४ मध्ये गगनगीरला बोगद्याच्या कामावरचे सहा जण आणि एक डॉक्टर मारले, तो जिल्हा कुठला?

धरमपेठकर
गांदरबलच. आणि लष्कर तेव्हाही त्या जिल्ह्यात होतंच ना, काका?