शब्दचर्चा: क्लबचा 'चाहता' की 'पाठीराखा'? एका शोकसंदेशाच्या निमित्ताने

प्रश्नकर्ता

आमच्या फुटबॉल क्लबचे एक फार जुने समर्थक नुकतेच वारले. ते क्लबकडून कधी खेळले नाहीत, कार्यकारिणीतही नव्हते. पण सरावाच्या दिवशी गोलची जाळी बांधायला हजर असायचे आणि संघ ओळीने हरत असला तरी गोलच्या मागची त्यांची जागा रिकामी दिसायची नाही. नव्या पोरांना क्लबचा इतिहास त्यांच्याकडूनच कळायचा. पुढच्या सामन्याआधी मैदानावर वाचायचा शोकसंदेश लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. मसुदा असा झाला आहे:

'क्लबचे कट्टर चाहते व निष्ठावंत समर्थक कै. … यांचे दुःखद निधन झाले. त्यांच्या जाण्याने फुटबॉल क्षेत्रात कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली असून सर्वत्र शोककळा पसरली आहे. क्लबतर्फे त्यांना भावपूर्ण श्रद्धांजली देण्यात येत आहे.'

पुन्हा वाचला तेव्हा वाटले, हा कोणाच्याही नावाने खपेल. या माणसाचे यात काहीच नाही. मुख्य अडचण त्यांना काय म्हणायचे ही आहे. चाहता, समर्थक, पाठीराखा, फुटबॉलप्रेमी असे शब्द समोर आहेत. यांत खरा फरक आहे का, की सगळे एकच?

माजी उपसंपादक

फरक आहे, आणि तुमच्या मसुद्यात तो जाणवतो.

'चाहता' हा लांबून प्रेम करणारा. नटाचे चाहते असतात, गायिकेचे असतात. चाहत्यावर कसली जबाबदारी नसते. आवड ओसरली की तो दुसरीकडे वळतो आणि त्यात काही वावगेही नाही. एकाच वेळी चार संघांचा चाहता असता येते. तुम्ही वर्णन केलेले गृहस्थ या शब्दात बसत नाहीत.

'समर्थक' मुळात मताचा किंवा मागणीचा असतो: ठरावाचे समर्थक, उमेदवाराचे समर्थक. फुटबॉलच्या बातम्यांत तो चांगला रुळला आहे, चूक मुळीच नाही. पण 'निष्ठावंत' शेजारी बसवलात की वाक्य थेट पक्षकार्यालयात जाते. पक्ष न सोडणाऱ्यांसाठी हे विशेषण इतके वापरले गेले आहे की 'निष्ठावंत समर्थक' वाचताना तिकीटवाटप आठवते. 'कट्टर'चीही तीच गत. कट्टर विरोधक, कट्टर वैरी अशा जोड्यांतून आलेला तो शब्द शोकाच्या ओळीत खडबडीत लागतो.

मी 'पाठीराखा' घेईन. विशेषण एकही नको. ज्या नामाला दोन विशेषणांचे टेकू लागतात, ते नाम बदलावे.

मराठीच्या शिक्षिका

पाठीराख्याला माझाही कौल आहे, पण जरा वेगळ्या कारणासाठी. या शब्दात संरक्षणाची दिशा ठरलेली आहे. पाठ राखणारा तो पाठीराखा. भाऊ बहिणीचा पाठीराखा, देव भक्ताचा पाठीराखा. राखणारा बळकट आणि जिची पाठ राखायची ती बाजू उघडी, असा या नात्याचा अर्थ. मग एखाद्या श्रीमंत, जगभर नाव असलेल्या क्लबचे आपण दूरचित्रवाणीवर सामने बघतो, तेव्हा आपण त्याचे पाठीराखे कसे? त्या क्लबला आपल्याकडून पाठ राखून घ्यायची गरजच नसते. तिथे 'चाहता' अगदी योग्य आहे.

स्थानिक क्लबचे तसे नाही. त्याची पाठ खरोखर उघडी असते. पन्नास माणसे यायची बंद झाली तर मैदान ओस पडते, जाळी कोण बांधणार हा प्रश्न उभा राहतो. त्या क्लबला राखणारी माणसे लागतात, म्हणून तिथे 'पाठीराखा' अक्षरशः खरा ठरतो. तुमच्या गृहस्थांनी केले ते राखणेच होते. शोकसंदेशात हा शब्द आला की नाते सुलटे होते: क्लब मोठा आणि ते त्याचे भक्त, असे न राहता क्लब त्यांच्या भरवशावर उभा होता, हे कबूल केले जाते. मला ही कबुली महत्त्वाची वाटते. जिवंतपणी क्लबांकडून ती फारशी दिली जात नाही.

क्रीडावार्ताहर

वरचे सगळे पटले. 'फुटबॉलप्रेमी' आणि 'फुटबॉलशौकीन' राहिले, तर त्यांच्याबद्दल: हे खेळाचे प्रेमी, क्लबचे नव्हेत. कुस्तीशौकीन चांगली कुस्ती बघायला येतो, कोणाचीही असो. शौकिनाला खराब सामना सोसत नाही. पाठीराखा मात्र खराब सामन्यालाही येतो.

इथे एक उदाहरण द्यावेसे वाटते. स्पेनमधल्या वालेन्सिया क्लबचे विसेंते नवारो अपारिसिओ हे जुने सदस्य. मध्यमवयात त्यांची दृष्टी गेली. तरीही ते मेस्ताया स्टेडियमवर येत राहिले. मुलगा शेजारी बसून मैदानावर काय चालले आहे ते सांगायचा. त्यांच्या निधनानंतर, २०१९मध्ये क्लबची शंभर वर्षे साजरी होताना, त्यांच्या नेहमीच्या आसनावर त्यांचा ब्राँझचा पुतळा बसवला गेला. पंधराव्या रांगेतले १६४ क्रमांकाचे आसन. ते आता विकले जात नाही.

या माणसाला आपण काय म्हणणार? 'प्रेक्षक' म्हणता येत नाही, त्यात पाहणे आहे. 'शौकीन' म्हणावे तर खेळाचे रंगरूप त्यांना दिसतच नव्हते. 'पाठीराखा' मात्र जसाच्या तसा लागू पडतो. त्याला डोळ्यांची अट नाही.

एक सावधगिरी. फुटबॉलमध्ये समर्थकांना 'बारावा खेळाडू' म्हणतात. अकरा मैदानावर आणि बारावा गर्दीतला. बायर्न म्युनिक क्लबने तर १२ हा क्रमांक समर्थकांसाठी राखून ठेवला आहे, तो खेळाडूला देत नाहीत. पण मराठी कानाला क्रिकेटचा 'बारावा गडी' आधी ऐकू येतो: संघात निवड न झालेला, पाणी घेऊन मैदानात जाणारा. शोकसंदेशात 'ते आमचे बारावे खेळाडू होते' असे वाचलेत तर निम्म्या लोकांना वाटेल की ते राखीव खेळाडू होते. वापरायचेच असेल तर आधीच्या वाक्यात संदर्भ द्या.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. 'पाठीराखा' पक्का. आता पुढचे: 'कै.' लिहावे का? क्लबमध्ये सगळ्या धर्मांची मंडळी आहेत, आणि हाच मजकूर पुढे नमुना म्हणून वापरला जाईल. शिवाय 'श्रद्धांजली' की 'आदरांजली'?

मराठीच्या शिक्षिका

'कै.' म्हणजे कैलासवासी, त्यात श्रद्धेचा एक ठरावीक पत्ता आहे. मराठीत पैगंबरवासी, ख्रिस्तवासी असेही शब्द आहेत आणि त्या त्या घरात ते प्रेमाने वापरतात. क्लबच्या नमुन्यासाठी 'दिवंगत' बरा. व्युत्पत्तीने तोही स्वर्गात गेलेला असाच आहे, पण वापरात तो सगळ्यांचा झाला आहे. 'मयत' नको, तो पंचनाम्यातला आणि दाखल्यांवरचा शब्द आहे.

'श्रद्धांजली' फक्त मृत व्यक्तीला. 'आदरांजली' बहुधा मृतांनाच, पण जयंतीला, स्मृतिदिनालाही चालते, म्हणजे ताजा शोक नसला तरी. आत्ता तुम्हाला श्रद्धांजलीच हवी. मात्र ती 'देऊ' नका. मराठीत श्रद्धांजली वाहतात किंवा अर्पण करतात, 'देणे' हिंदीतून शिरले आहे. अंजली म्हणजे ओंजळ; ओंजळीतली फुले वाहायची असतात. 'देण्यात येत आहे' या कर्मणी रचनेत तर कोण देते तेच नाहीसे होते. 'आम्ही सर्व त्यांना श्रद्धांजली वाहतो' असे सरळ लिहा. 'भावपूर्ण' गाळलेत तरी भाव कमी होणार नाही.

माजी उपसंपादक

आणि ती 'पोकळी' काढाच. 'कधीही भरून न निघणारी' हे विशेषण इतक्या जणांसाठी वापरून झाले आहे की त्याचा अर्थ उरलेला नाही. 'सर्वत्र शोककळा'ही काढा. 'दुःखद निधन'मधला 'दुःखद' अनावश्यक, निधन सुखद नसते. आमच्या मेजावर मी हे शब्द खोडायचो तेव्हा नवे सहकारी नाराज व्हायचे. त्यांना वाटायचे, शब्द कमी केले म्हणजे मान कमी केला. उलट आहे. ठोकळा शब्द काढले की जागा होते, आणि त्या जागेत जाळी येते, गोलच्या मागची जागा येते. माणूस तिथेच सापडतो.

'हरपला' हे क्रियापद आठवून पाहा. 'क्लबचा पाठीराखा हरपला' यात आपले काहीतरी गेले असा अर्थ आहे. 'निधन झाले' ही फक्त माहिती झाली.

क्रीडावार्ताहर

मैदानावरच्या विधीचे शब्दही बघून घ्या, ध्वनिक्षेपकावरून तेच ऐकू जातात.

'मौन पाळणे' आणि 'स्तब्धता पाळणे' दोन्ही चालतात, पण फुटबॉलमध्ये दोन्ही संघ मध्यवर्तुळाभोवती निश्चल उभे राहतात, म्हणून मला 'एक मिनिट स्तब्ध उभे राहून' जास्त जवळचे वाटते. कुटुंबाची इच्छा असेल तर टाळ्यांचाही पर्याय आहे. २००५मध्ये प्रसिद्ध फुटबॉलपटू जॉर्ज बेस्ट गेले तेव्हा इंग्लंडमधल्या काही मैदानांवर लोकांनी शांततेच्या जागी टाळ्या वाजवल्या आणि ती पद्धत पुढे रुजली. त्याला 'टाळ्यांची मानवंदना' म्हणता येईल. आयुष्यभर आवाज देणाऱ्या माणसाला आवाजानेच निरोप, हे मला शोभणारे वाटते.

'खेळाडू काळ्या फिती लावून खेळतील' या घोषणेत मात्र फसगत आहे. मराठी वाचकाला 'काळ्या फिती लावून काम' म्हटले की निषेध आठवतो, कर्मचाऱ्यांचे आंदोलन. 'त्यांच्या स्मरणार्थ खेळाडूंनी दंडाला काळी फीत बांधली आहे' असे कारण आधी सांगून म्हणा.

नवा प्रतिसादक

चर्चा एका माणसाबद्दल आहे हे कळते, तरी याच शब्दांच्या कुटुंबातला एक मुद्दा बरेच दिवस मनात आहे. समर्थक मोठ्या संख्येने मरण पावतात तेव्हा आपण 'चेंगराचेंगरीत मृत्यू' लिहितो. १५ एप्रिल १९८९ला इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरील दुर्घटनेत लिव्हरपूल क्लबचे ९७ समर्थक गेले. मराठीत त्याबद्दल वाचताना नेहमी हाच शब्द भेटतो. तो बरोबर आहे का?

मराठीच्या शिक्षिका

फार चांगला प्रश्न. मारामारी, ढकलाढकली, खेचाखेची या शब्दांची घडण पाहा. क्रिया परस्परांवर होते, करणारे आणि सोसणारे तेच. 'चेंगराचेंगरी' त्याच घडणीचा आहे. म्हणजे लोकांनी एकमेकांना चेंगरले, असा आरोप शब्दातच दडलेला आहे. देवळात किंवा जत्रेत घडले तरी हीच गत, नेमलेली व्यवस्था शब्दाबाहेरच राहते.

क्रीडावार्ताहर

हिल्सबरोत तर हाच आरोप खोटा ठरला. सुरुवातीला दोष समर्थकांवर ढकलला होता, ते दारू पिऊन घुसले वगैरे. कुटुंबांनी जवळपास तीन दशके लढा दिला. २०१६मध्ये ज्युरीने निष्कर्ष दिला की हे मृत्यू बेकायदेशीरपणे घडवले गेलेले मृत्यू होते आणि समर्थकांच्या वागण्याचा त्यात वाटा नव्हता. निष्कर्ष आला तेव्हा मृतांचा आकडा ९६ होता; त्या दिवशीच्या जखमांमुळे २०२१मध्ये आणखी एक जण गेले आणि तो ९७ झाला. म्हणून मी 'चेंगरून मृत्यू' लिहितो. 'हुल्लडबाज' हा शब्द तर पुरावा हातात आल्याशिवाय लिहीतच नाही. मेलेल्या माणसाला तो खोडून काढता येत नाही.

पण उलट टोकही टाळावे. १६ ऑगस्ट १९८०ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात १६ समर्थकांचा जीव गेला. तो दिवस तिथे फुटबॉलप्रेमी दिवस म्हणून पाळतात. आपल्याकडे कोणीतरी त्यांना 'फुटबॉलचे हुतात्मे' लिहिले होते. हुतात्मा स्वतःहून आहुती देतो. ही माणसे सामना बघून घरी परतणार होती. 'हुतात्मा' म्हटले की कोणाला जाब विचारायची गरजच उरत नाही. 'फुटबॉलप्रेमी' हा शब्द मात्र तिथे अगदी नेमका बसला आहे, कारण तो दोन्ही क्लबांच्या लोकांना एकत्र धरतो.

प्रश्नकर्ता

नवा मसुदा:

'आपल्या क्लबचे पाठीराखे दिवंगत … आता आपल्यात नाहीत. ते क्लबकडून कधी खेळले नाहीत, पण गोलची जाळी त्यांच्या हातांनी बांधली जायची. आपण जिंकलो तेव्हा ते गोलच्या मागे उभे होते, आणि हरत राहिलो तेव्हाही तिथेच होते. क्लबच्या जुन्या गोष्टी आपल्याला त्यांनी सांगितल्या. आज खेळाडूंनी त्यांच्या स्मरणार्थ दंडाला काळी फीत बांधली आहे. आपण सर्व एक मिनिट स्तब्ध उभे राहून त्यांना श्रद्धांजली वाहू या.'

त्यांच्या मुलीला वाचून दाखवला. तिने 'पाठीराखे' शब्दावर बोट ठेवले आणि हा ठेवा म्हणाली. टाळ्या नकोत, शांतता हवी, असे घरच्यांचे म्हणणे आहे.

फक्त व्याकरणाची एक शंका. स्मृतिफलकावर 'पाठीराखाच्या स्मरणार्थ' की 'पाठीराख्याच्या'? आणि 'पाठिराखा' असा ऱ्हस्व लिहिलेलाही पाहिला आहे.

मराठीच्या शिक्षिका

'पाठीराख्याच्या'. घोडा, घोड्याच्या, तसेच. आदरार्थी हवे तर 'पाठीराख्यांच्या', पण मग फलक वाचणाऱ्याला अनेक जण वाटतील, तेव्हा नाव आधी घाला: 'आमचे पाठीराखे … यांच्या स्मरणार्थ'. ऱ्हस्व रूप जुन्या छपाईत दिसते, आज 'ठी' दीर्घच लिहावा. उद्या हा फलक एखाद्या बाईंसाठी करावा लागला तर 'पाठीराख्या' हे आदरार्थी रूप घ्या, एकवचनी 'पाठीराखी' नको. दगडावर कोरायला देण्याआधी मजकूर इथे एकदा टाका, ऱ्हस्वदीर्घ तपासून देते.