मालिकेतल्या जोडीसाठी आपला जीव का टांगणीला लागतो?

मेघमल्हार:
२०१२ साली 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' सुरू होती, तेव्हा घना-राधा वेगळे होऊ नयेत म्हणून आमची आजी देवाला साकडं घालायची. हे मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी आहेत, हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरीही! माझं मत : आपण जोडीत नाही, ताटकळण्यात गुंततो. दोघांनी ठरवून खोटं लग्न केलंय, प्रेम आपल्याला दिसतंय, त्यांनाच दिसत नाहीये. 'बोल ना रे एकदाचं!' असं टीव्हीवर ओरडण्यातच खरी मजा. कबुली झाली की मालिका पाणचट. मग आहेतच अपघात आणि स्मृतिभ्रंश.

तिखटमीठ:
साफ असहमत. ताटकळायला तर गुन्हेगारी मालिकाही लावतात, तिथे इन्स्पेक्टरसाठी कोणी फॅन पेज काढतं का? 'तुझ्यात जीव रंगला' आठवा. राणादा शेतकरी पैलवान, न शिकलेला, आणि पाठकबाई शिक्षिका. तिच्या शिक्षणाचा त्याला धाक नाही, कौतुक आहे. ज्या बाईला घरात 'दमलीस का?' असंही कोणी विचारत नाही, ती असा नवरा रोज रात्री बघणारच. या दोन भूमिका करणाऱ्या हार्दिक जोशी-अक्षया देवधर यांचं खरं लग्न डिसेंबर २०२२ मध्ये झालं. मालिका संपून जवळपास दोन वर्षं झाली होती, तरी आमच्या ग्रुपवर 'राणादाचं लग्न' म्हणूनच फोटो फिरले.

बोरकूट:
किती भाबडे आहात दोघं! कुणावर जीव लावायचा ते वाहिनी प्रोमोतच सांगते. आपण फक्त हुकूम पाळतो.

तिखटमीठ:
@बोरकूट, मग 'तुला पाहते रे'चं काय? विक्रांत सरंजामे आणि ईशा निमकर, वयात वीस वर्षांचं अंतर. आधी नाकं मुरडून झाली, मग तीच जोडी लाडकी झाली. आणि लेखकांनी विक्रांतलाच खलनायक केलं, पहिल्या बायकोच्या जिवावर उठलेला! माझ्या सासूबाई आठवडाभर धुमसत होत्या. हुकूम पाळणारा माणूस धुमसतो का?

मेघमल्हार:
पण त्यांचा राग विक्रांतवर होता की लेखकावर? त्याची प्रत्येक नजर, प्रत्येक अबोला, सगळ्याचे अर्थ त्यांनी इतके महिने लावले होते. ती सगळी मेहनत एका भागात पाण्यात गेली. मीही धुमसलो असतो.

बोरकूट:
अर्थ लावायला वेळ मिळणारच हो. एका वाक्यावर सात जणांचे चेहरे, प्रत्येकी तीन वेळा दाखवतात.