'डॉग सोल्जर्स'मधले लांडगे
'डॉग सोल्जर्स' या भयपटातले नरलांडगे (म्हणजे माणसाचे लांडगे झालेले) नीट दिसतच नाहीत, पैसे नव्हते म्हणून अंधारात लपवले, असं तुम्ही म्हणता. अहो, लपवले तेच बरं! नील मार्शलच्या या २००२च्या सिनेमात लांडग्यांच्या पोशाखात माणसंच आहेत, तीही पायाला उंच काठ्या बांधून. भर उजेडात दोन मिनिटं उभे केले असते तर हसूच आलं असतं. सैन्यातला कॅप्टन रायन टेबलामागे कोसळतो आणि उठतो तो थेट लांडगा होऊन. रूपांतराचा खर्च वाचला, वर आपण दचकलो. सार्जंट वेल्सचं फाटलेलं पोट सुपरग्लूने चिकटवतात, तो प्रसंग मात्र जेवताना बघू नका. सैनिकांना मदत करणाऱ्या मेगनचं शेवटचं वळण ओढूनताणून आणलंय, हे मान्य.