ऑर्लँडोच्या डिस्कव्हरी कोव्हवर इतका खर्च करावा का? जाऊन आलेल्यांनी अनुभव सांगा

मे महिन्यात आम्ही भावाकडे अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टँपाला चाललोय. तिथून ऑर्लँडो गाडीनं साधारण दीड तास. भावानं डोक्यात डिस्कव्हरी कोव्ह या डॉल्फिन-माशांसोबत पाण्यात उतरायच्या पार्कचं खूळ भरवून दिलंय. सीवर्ल्ड या समुद्री प्राण्यांच्या पार्कवाल्यांचंच आहे, 2000 साली सुरू झालेलं. रोज ठरावीक लोकांनाच आत सोडतात, आणि एकदा तिकीट काढलं की नाश्ता, जेवण, दिवसभराचं खाणंपिणं, टॉवेल, लॉकर, स्नॉर्कलचा मास्क (पाण्यात तोंड घालून बघायचा), वेटसूट म्हणजे पाण्यात घालायचा घट्ट रबरी सूट, पार्किंग सगळं त्यातच. डॉल्फिनसोबत पाण्यात उतरायचे पैसे वेगळे. दर तारखेप्रमाणे बदलतो. आमच्या तारखेला डॉल्फिनसकट माणशी 200 डॉलरच्या बराच वर जातोय. रुपयांत हिशेब केला तेव्हा नवऱ्यानं काही न बोलता लॅपटॉप मिटला.

आम्ही पाच जण: आम्ही दोघं, मुलगी 9 वर्षांची, मुलगा 4 वर्षांचा आणि सासूबाई, वय 66. पोहता फक्त मुलीला येतं, तेही इथं नागपुरात एनआयटीच्या (सुधार प्रन्यासच्या) तलावात शिकलेली. समुद्र आम्ही आयुष्यात तीनदा पाहिलाय. "अविस्मरणीय होतं" असं लिहू नका, प्लीज. पैसे नेमके कशात वसूल झाले आणि कशात नाही, ते सांगा. दुबई, सिंगापूर, कोकण कुठलाही अनुभव चालेल.

आलेली उत्तरं:

मनीषनगरहून

आम्ही दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये गेलो होतो, सहा जण. आधी एक काम करा, मुलाचं डॉल्फिनचं तिकीट यादीतून काढून टाका. 6 वर्षांखालच्या मुलांना घेतच नाहीत. आमच्या धाकटीला हे तिथं गेल्यावर कळलं आणि अर्धा तास तिनं जो सूर लावला तो अख्ख्या खाडीनं ऐकला.

डॉल्फिनचा भाग खरं तर अर्ध्या तासाचा. आठ-दहा जणांचा गट, सोबत ट्रेनर, आधी माहिती सांगतात. डॉल्फिन येतो, हात लावू देतो, गालाला तोंड लावतो, हाताच्या खुणेवर उडी मारतो. त्याची कातडी सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी लागते, गुळगुळीत आणि घट्ट. मजा आली, खोटं कशाला बोलू? पण घरी आल्यावर आम्ही बोलतो ते दुसऱ्याच गोष्टींबद्दल.

एक म्हणजे मोठा रीफ, माशांनी भरलेलं बनवलेलं तळं. पाण्यात तोंड घातलं की खालून माझ्या जेवणाच्या टेबलाएवढा स्टिंग रे, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, सरकत गेला. काटे कापलेले असतात, तरी पोटात गोळा आला. दुसरं म्हणजे त्यांची नदी. कोमट पाणी, आपसूक पुढे नेणारी. धबधब्याच्या पडद्याआडून पक्ष्यांच्या पिंजऱ्यात शिरता, म्हणजे पिंजऱ्यात आपण आणि पक्षी मोकळे. तिथं ठेवलेला खाऊ हातावर घेतला की पक्षी मनगटावर येऊन बसतात.

आता तुमच्या सासूबाईंसाठी. माझी आई तेव्हा 68 ची. पाण्यात जायचं तर वेटसूट किंवा त्याचं जाकीट घालावंच लागतं. तिला दोन्हीकडून धरून आम्ही ते चढवत होतो तर म्हणे, "मला सांबारवडीत भरून राहिले का गं तुम्ही?" हसून हसून चेन अडकली. मग तीच बाई नदीत चार फेऱ्या मारून आली. तरंगत येते अंग त्या जाकिटानं, पोहता यावं लागत नाही. पाण्यात गेल्यावर तिचे गुडघे दुखले नाहीत, हे तिनं इतक्यांदा सांगितलं की शेवटी आम्हीच तिला परत पाठवत होतो. तिच्या तिकिटाचे पैसे मी कधीच मोजले नाहीत.

डॉल्फिनचं पाणी मात्र गार असतं, मुद्दाम तसं ठेवतात. आपल्याकडच्या मेमधल्या 45 डिग्रीतून आलेल्या माणसाला धडकी भरते.

नंदनवनहून

काऊन एवढे पैसे उडवून राहिले बाप्पा! नागपूर-मडगाव गाडीत बसा, कुडाळला उतरा, तिथून मालवण. आम्ही चार पोट्टे डिसेंबरात गेलो होतो. तारकर्लीकडे स्नॉर्कलिंग केलं, वर सुरमईचं ताट. सगळं मिळून त्या एका तिकिटाच्या आतच झालं भौ. पाणी काचेसारखं नसते, हे खरं. एकदा तं मला फक्त मित्राचा पाय दिसला. अन् पावसाळ्यात सगळं बंद असते, तेव्हा नका जाऊ. पण मासे मोकळे होते तिथले.

लक्ष्मीनगरहून

मी 30 वर्षं जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझं मत एकतर्फी आहे हे आधीच मान्य करतो. लेक ऑर्लँडोला राहते. तिनं माझंही तिकीट काढलं होतं. डॉल्फिनच्या वेळी मी काठावर खुर्चीवर बसलो, बाकी दिवसभर व्यवस्थित खाल्लं-प्यायलं. तेव्हा धुतल्या तांदळाचा मीही नाही.

डॉल्फिन हसतोय असं वाटतं ना, ती त्याच्या जबड्याची ठेवण आहे. तो आजारी असला तरी चेहरा तसाच राहणार. समुद्रात तो दिवसाकाठी कितीतरी किलोमीटर फिरतो, आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवर जग ओळखतो. इथं भिंती ठरलेल्या. आपल्याकडे मे 2013 मध्ये केंद्र सरकारनं डॉल्फिनेरियमना, म्हणजे डॉल्फिन ठेवून खेळ दाखवणाऱ्या जागांना, परवानगी देऊ नका असं राज्यांना कळवलं. गंगेतल्या डॉल्फिनला त्याआधीच, 2009 मध्ये, राष्ट्रीय जलचराचा मान मिळाला होता. अमेरिकेत डॉल्फिनना संरक्षण देणारा कायदा 1972 चा, आपला वन्यजीव कायदाही 1972 चाच. पण तिथं परवाना घेऊन हे चालतं. सीवर्ल्डनं 2016 मध्ये किलर व्हेलची पैदास थांबवली, तीही लोकांनी बोंब मारल्यावर.

तिथली माणसं जनावरांशी नीट वागतात, हेही मी डोळ्यांनी पाहिलं. पाण्यातून बाहेर आल्यावर नातीनं विचारलं, "आबा, हा रात्री कुठे जातो?" मी म्हटलं, "इथंच." ती टॉवेल गुंडाळून बराच वेळ पाण्याकडे बघत होती. जेवायला या म्हणून हाका मारल्या तरी आली नाही.

जा किंवा जाऊ नका, तो तुमचा प्रश्न. मुलगी 9 वर्षांची आहे म्हणता. हा प्रश्न तीही विचारेल.

त्रिमूर्तीनगरहून

दुबईच्या एका ठिकाणचा अनुभव; नाव लिहीत नाही. आम्ही सगळ्यात स्वस्त पर्याय घेतला, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून डॉल्फिन भेट. कपडे बदला, रांगेत थांबा, सूचना ऐका, यातच सकाळ गेली. प्रत्यक्ष हात लावायला माणशी एखादं मिनिट. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, मग फोटो त्यांचेच, आणि त्या फोटोंची किंमत ऐकून बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं कार्ड काढलं. त्या तीन फोटोंपैकी एकात माझे डोळे मिटलेले आहेत. बुक करण्याआधी फोटोंचे किती, ते विचाराच. डिस्कव्हरी कोव्हलाही फोटो तिकिटात येत नाहीत.

धरमपेठहून

आम्ही दोघंच गेलो, डॉल्फिन घेतलाच नाही. साधं दिवसाचं तिकीट बरंच स्वस्त पडतं आणि खाणं-पिणं, रीफ, नदी, पक्षी, ऑटर (पाणमांजर) सगळं तेच मिळतं. आमच्या तिकिटात सीवर्ल्ड आणि त्यांच्याच अक्वाटिका वॉटर पार्कचा प्रवेशही होता, दोन्ही वेगवेगळ्या दिवशी केले. ते दोन पार्क तुम्ही एरवीही करणार असाल तर हिशेब पार बदलतो. करणार नसाल तर त्या "फुकट" ला भुलू नका. आम्ही भुललो, आणि अक्वाटिकाच्या दिवशी तीन तासांत कंटाळून मॉलमध्ये जाऊन बसलो.

शाकाहारी असाल तर पोट भरतं, पण जीव रमत नाही. फ्राइज, सॅलड, फळं, पास्ता, केक. नवऱ्यानं दुपारी चारला तर्रीपोह्यांची आठवण काढून उसासा टाकला. बिअरही तिकिटातच असते म्हटल्यावर उसासा आवरला.

मे-जूनमध्ये जाताय तर सकाळी दार उघडायच्या आधी पोचा. त्या दिवसांत फ्लोरिडात दुपारी हमखास ढग येतात, आणि वीज चमकली की सगळ्यांना पाण्याबाहेर काढतात. आमचा दीड तास छपराखाली गेला. डॉल्फिन घेतलाच तर सकाळची वेळ मागा. सनस्क्रीन घरून नेऊ नका, आपलं चालत नाही. माशांना न बाधणारं तिथंच देतात.

बेसाहून

टँपाला जाताच आहात तर क्रिस्टल रिव्हर बघा ना. तिथल्या झऱ्यांचं पाणी बारा महिने 22 डिग्रीच्या आसपास, म्हणून थंडीत समुद्रातले मॅनटी (समुद्रगायी) तिथं येऊन राहतात. म्हशीएवढं अंग आणि स्वभावही तसाच, कुणाच्या अध्यात नाही. आम्ही जानेवारीत होडीवाल्यासोबत गेलो. पाण्यात नुसतं पालथं तरंगायचं, हातपाय झाडायचे नाहीत, मागे लागायचं नाही. आलं तर ते आपण होऊन येतं. माझ्या काचेसमोर मिशीवालं थोबाड आलं आणि तोंडातून स्नॉर्कल सुटलं. खर्च डिस्कव्हरी कोव्हच्या निम्म्याहून कमी झाला. पण तुमचा मे महिना, तेव्हा त्यातले बहुतेक समुद्राकडे परतलेले असतात. दिवाळीनंतर जमवता आलं तर बघा.

(मूळ प्रश्नकर्ती, प्रतापनगरहून)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री नवऱ्यानं लॅपटॉप परत उघडला. दिवसाची साधी पाच तिकिटं काढायची असं ठरत होतं, तेवढ्यात मुलीला लक्ष्मीनगरच्या काकांचं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग मी डॉल्फिन टँपाजवळच्या क्लिअरवॉटरलाच बघते, मामा म्हणाला तिथं किनाऱ्यावरून दिसतात." दिसतीलच याची खात्री नाही असं सांगितलं, तर म्हणाली, ताडोबातही दोनदा वाघ दिसला नव्हता.

सासूबाई सांबारवडीवर हसल्या, पण वेटसूटचा फोटो बघून गप्प झाल्या. नदीतल्या गुडघ्यांचं मात्र दोनदा वाचून घेतलं. वेटसूटसोबत बाही असलेला ब्लाउज चालतो का, हे विचारायला सांगितलंय.

मनीषनगरहून

सूटच्या आत काय घालायचं ते त्यांनी ठरवावं, काकू. माझ्या आईनं आतून सलवार घातली होती, कुणी काही म्हटलं नाही. सुती मात्र नको, ओली झाली की जड होते आणि दिवसभर वाळत नाही. आणि चश्मा असेल त्यांचा तर दोरी लावून न्या. माझ्या आईचा नदीत गेला होता. दुसऱ्या फेरीला तिथल्याच पोरानं बुडी मारून काढून दिला.